चौदा नंबरची बाई

आई, रविवारी चर्चमधून, मिस्साहून आलो की आपण दोघी घराच्या पायरीवर बसून सुके बोंबील साफ करायचो. तू कात्रीने डोकी आणि शेपट्या कापायचीस आणि मी समोर बसून इंग्रजी स्पेलिंगं पाठ करायचे. तुला त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, पण माझं कुठे चुकलं की तुझी कात्री थांबायची. तुला कळतं कसं, याचं मला फार नवल वाटायचं. खूप वर्षांनी, माझ्या मुलाचा अभ्यास घेताना लक्षात आलं की चुकण्याआधी मूल अडखळतं. तू स्पेलिंग ऐकत नव्हतीस, माझा आवाज ऐकत होतीस.

घरी मी तुला आये म्हणायचे. इथे आई लिहितेय, कारण कागदावर मला तेच लिहायची सवय लागली. शाळेत मी तुला काहीच म्हणायचे नाही. आपण दोघी एकाच वाटेने कॉन्व्हेंटला जायचो, पण चिंचेपाशी आलं की तू पुढे व्हायचीस आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायचीस. मी थोडं थांबून पुढच्या फाटकातून जायचे. तसं कर म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. बोर्डिंगच्या मुली मुंबईच्या होत्या, त्यांच्या आया मोटारीतून यायच्या. तू माझी आई आहेस हे सिस्टरना माहीत होतं, चुलीवरच्या बायकांना माहीत होतं, बाकी कोणाला नाही. सकाळी तू ओगराळ्याने पेज वाढायचीस म्हणून मुली तुला पेजवाली म्हणायच्या, आणि मीही म्हणायचे.

एक दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. तू माझ्या ताटात सुरमईची एक तुकडी जास्त टाकतेस, शेजारची मुलगी बघते, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "मला नको. तुम्ही बाकीच्यांना दिलीत का?" तुला मी तुम्ही म्हटलं. तू तुकडी उचललीस आणि पुढे गेलीस. संध्याकाळी घरी चूल पेटवताना, माझ्याकडे न बघता एवढंच बोललीस, "लाज वाटते त वाटू दे. पन वाढलेल्या ताटाला न्हाय म्हनाचं न्हाय." दुसऱ्या दिवसापासून तू मला सगळ्यांत शेवटी वाढू लागलीस. शेवटच्या ताटात काय पडतं हे कोणी पाहत नाही, हे तुला ठाऊक होतं.

हल्ली मी मीरा रोडला राहते, पूनम सागरमध्ये, चौथ्या मजल्यावर. यांना जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा कॅनडात आहे. तो रविवारी फोन करतो, मी काय जेवले ते सांगते, तो तिकडे थंडी किती ते सांगतो. बाकीचे सहा दिवस घरात माझाच आवाज असतो, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापुरता. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात एकदा चिठ्ठी लावलेली दिसली, की शहराचा जुना इतिहास गोळा करणाऱ्या मंडळाला मदतीला माणसं हवी आहेत. मी ती दोनदा वाचली तर दुकानदार म्हणाला, "जाओ ना आंटी, आपका टाइम भी निकल जाएगा." वेळ जावा म्हणूनच गेले, हे खरं आहे.

मंडळ म्हणजे आम्ही सात-आठ माणसं आणि भाईंदर पश्चिमेला एका बंद पडलेल्या वाचनालयाची खोली. प्रमुख आहेत ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना सर म्हणतो. लोकांकडून जुने फोटो आणायचे, त्यातली माणसं कोण ते शोधायचं आणि नावांसकट पुस्तिका छापायची, असं काम आहे. फोटोवर बटर पेपर ठेवून सर प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढतात आणि तिच्यात नंबर घालतात. मग आम्ही तो कागद आणि फोटो घेऊन घरोघर जातो आणि विचारतो, हा सात नंबर कोण, ही अकरा नंबर कोण. माझं अक्षर कॉन्व्हेंटचं, म्हणून नावांचा तक्ता लिहायचं काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आलं.

एक नियम आहे. नाव लिहायचं तर दोन माणसांनी ते स्वतंत्रपणे सांगायला हवं, आणि दोघंही त्या माणसाच्या नात्यातली नकोत. घोडबंदरच्या एका फोटोतल्या फेटेवाल्या माणसावर दोन घरांनी आपापला आजा म्हणून हक्क सांगितला आणि ती घरं आता एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, तेव्हापासूनचा हा नियम. सर म्हणतात, "प्रेमाने बघणाऱ्याला प्रत्येक फोटोत आपलंच माणूस दिसतं, मॅडम." मला ते इतकं पटलं की तो नियम मीच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवला.

पावसाळ्यानंतर आमच्या शाळेचा फोटो आला. कोणीतरी माजी विद्यार्थिनी पुण्याला लेकीकडे राहायला निघाली होती, तिने जाताना दिलेल्या पेटीत होता. मोठ्या सिस्टरांच्या निरोपाचा फोटो. पुढे सिस्टर खुर्च्यांवर, जमिनीवर आम्ही मुली, आणि मागे, स्वयंपाकघराच्या पायरीवर, अगदी कडेला तू. उन्हामुळे डोळे बारीक केलेस, लुगड्याचा पदर खोचलेला आहे आणि ओला हात पुसायला वेळ मिळाला नाही म्हणून तो अंगापासून दूर धरलास. मी एका क्षणात ओळखलं. सरांनी तुझ्या डोक्याला चौदा नंबर दिला, मला एकतीस. "ओळखीचं कोणी?" त्यांनी विचारलं, आणि मी फक्त माझ्या स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं.

नियम माझ्या मनातही नव्हता तेव्हा. जुनी सवय होती, बोट आपोआप तिकडेच गेलं.

तुझं नाव कुठेच लिहिलेलं नाही, आई. गावात तू कोणाची तरी सून होतीस, नंतर माझी आय होतीस. तुझ्या थडग्यावर लाकडी क्रूस होता, पण काही वर्षांनी रीतीप्रमाणे ती जागा दुसऱ्याला गेली. माझ्या लग्नाच्या कागदांवरही बापाचंच नाव विचारलं होतं. सर म्हणाले, "चौदा नंबर राहिलाय. शनिवारी यादी छापखान्यात जाते. 'अनोळखी' टाकू का?" तेव्हा मी म्हटलं, मला आठवडा द्या.

आधी मी माझ्या वर्गमैत्रिणीकडे गेले. ती इथेच दोन रिक्षा स्टँड पलीकडे राहते, गुडघ्यांमुळे घरी बसलेली आहे पण जीभ तशीच आहे. फोटो हातात घेताच म्हणाली, "एकतीस तू! मोजा खाली आलेला, दुसरं कोण असणार. तुझे मोजे कधी वर राहिले होते का?"

"चौदा कोण ते सांग," मी म्हटलं.

"अगं, पेजवाली. विसरलीस? आपण डायनिंग हॉलमध्ये तिची नक्कल करायचो. 'घ्या गो पोरींनो, गरम हाय तवर घ्या.' तू तर बेस्ट करायचीस. डोळे मिटले तर वाटायचं तीच बोलतेय."

"नाव काय होतं तिचं?"

"आता पेजवालीला नाव कशाला असेल? चहा टाकते, बस."

मी चहा घेतला. तिने दोन बिस्किटं जास्त ठेवली. बाई वाईट नाही, माझ्या आजारपणात तीच डबा पाठवायची. सांगावं असं दोनदा ओठांवर आलं होतं. तिसऱ्यांदा तिच्या नातवाचा फोन आला.

मग उत्तनला गेले. तुझ्या हाताखाली नारळ खवायला एक पोरसवदा मुलगी होती, आठवते? ती आता पंचाऐंशीच्या पुढे आहे, एका डोळ्याने कमी दिसतं, सून तिला दुपारी अंगणात खाटेवर आणून बसवते. तिने फोटो नाकाला लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही. मी काही सुचवलं नाही, नियमाप्रमाणे. मग ती तुझं नाव बोलली. पूर्ण नाव, तुझ्या बापाच्या नावासकट. चाळीसहून जास्त वर्षांनी ते मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकत होते.

"हिचा हात बघ," ती म्हणाली. "कवा सुका व्हता? हिची एक पोर शाळेत व्हती. लय हुशार. पन आईला वळख देत न्हवती. आमी बाया बोलायचो, मेली कशी हाय बघा, त ही आमालाच गप करायची. बोलायची, मीच सांगितलाय तिला, पोरी चिडवतील म्हनून."

तू मला असं कधीच सांगितलं नव्हतंस. मी विचारलं, मुली तिची नक्कल करायच्या का. म्हातारी हसली, दात नाहीत तिला. "करायच्या त. ही दाराआड उभी रहून ऐकायची. एक पोर त असा आवाज काडायची का मना वाटायचं हीच बोलतंय. ती पोर बोलाया लागली का ही हातातला काम ठेवायची."

ती पोर कोण हे म्हातारीला ठाऊक नव्हतं. म्हणजे तू तिला सांगितलं नव्हतंस. दाराआडून तू ओळखलं असणारच, पायरीवर बसून ओळखायचीस तसं, आणि तरी शेवटच्या ताटात कधी काही कमी पडलं नाही.

म्हातारीची साक्ष झाली, अंगठाही झाला. दुसरं माणूस मिळेना. सिस्टर सगळ्या गेल्या, चुलीवरच्या बाकी बायाही गेल्या. तुझं नाव जाणणारी जगात दोनच माणसं उरली आहेत आणि त्यातली एक मी. शुक्रवारी दुपारी मी तक्ता पुढ्यात घेऊन बसले. त्यात एक रकाना आहे, 'साक्षीदाराचं नातं'. तिथे मुलगी लिहिलं तर माझी साक्ष बाद आणि छापलं जाणार अनोळखी. माजी विद्यार्थिनी लिहिलं तर तुझं नाव जाणार.

मी माजी विद्यार्थिनी लिहिलं. ते खोटंही नाही. सरांनी शनिवारी तक्ता वाचला, म्हणाले, "व्वा मॅडम, कमाल केलीत, चौदा नंबर लागला. बाई तुमच्या चांगल्या लक्षात राहिली." मी म्हटलं, रोज वाढायची ना. यादी छापखान्यात गेली. त्या पानावर तुझं नाव आणि माझं नाव सतरा नावांच्या अंतराने येईल, आणि वाचणाऱ्याला दोघींचा काही संबंध लागणार नाही. हे मी तुझ्या नावासाठी केलं असं मला म्हणायचंय. तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस, मीच सांगितलाय तिला. पण तो रकाना भरताना माझा हात जराही अडखळला नाही, आणि ते मला बोचतंय.

हे पत्र टपालात टाकायचं नाहीच. तुझ्या नावाने कधी काही आलं तर ते मीच वाचून दाखवायचे, आणि आता मोठ्याने वाचायला गेले तर भिंतीपलीकडच्या शेजारणीला वाटेल बाई एकटीच बडबडायला लागली. तरी माझ्यामागे कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, कपाटात वरच्या खणात सापडेल. फोटोची एक प्रत आणि त्यावरचा बटर पेपर माझ्या मुलाला द्यावा. त्या कागदावर मी चौदा आणि एकतीसच्या मध्ये पेन्सिलीने एक रेघ मारली आहे, ती कशाची हे त्याने या पत्रातून वाचावं आणि त्याच्या मुलींना सांगावं, त्यांच्या भाषेत सांगितलं तरी चालेल. मैत्रिणीला माझ्या वाट्याची छापील पुस्तिका द्यावी, आणि हे पत्रही एकदा वाचायला द्यावं. ती रागावेल, मग रडेल, तिला कोणीतरी चहा करून द्यावा. सरांना यातलं काही देऊ नये. त्यांना कळलं तर ते नियमाने तुझं नाव पुढच्या आवृत्तीतून काढतील, आणि ते त्यांचं बरोबरच असेल.

तुझा एकटीचा मोठा करून घेतलेला फोटो उत्तनच्या म्हातारीला द्यायचा आहे. तो द्यायला मीच जायला हवं, आणि लवकर. फोटो तयार होऊन तीन आठवडे झाले, तो टेबलावर पाकिटात आहे. त्या दिवशी मी निघताना तिने माझा हात धरून ठेवला होता आणि विचारलं होतं, "तू कोनाची गो?" मी म्हटलं, मंडळाची.