ओट्याचं लाकूड

१४ एप्रिल

पक्कं काही बांधायचं नाही म्हणे! आमचा भालचंद्र टाउनशिपच्या ऑफिसातून तोंड पाडून आला. क्वार्टर कंपनीचं, रिटायर माणूस मेहेरबानीवर राहतो, सिमेंट ओतलं की तोडून टाकतील. उचलून नेता येईल असं काही करा, त्याला ना नाही. म्हणजे लाकडाचा नाहीतर लोखंडाचा ओटा, दाराच्या उंबऱ्याला बरोबर लागेल असा, म्हणजे ह्यांची चाकाची खुर्ची सरळ बाहेर जाईल. पायऱ्यांवरून उतरवता येत नाही. चौघांनी उचलू म्हटलं तर, "मी काय गोणी आहे?" लकव्याने तोंड वाकडं केलं, तिखटपणा तसाच ठेवला.

डॉक्टर म्हणाला, ऊन-वारा लागलाच पाहिजे. असेच खोलीत पडून राहिले तर पाठ सडेल, छाती भरेल, पुढची थंडी निघणं कठीण. माझ्या तोंडावर म्हणाला. मी म्हटलं, बरं.

१७ एप्रिल

नफीस मिस्त्री माप घेऊन गेला. "अम्मा, दो दिन का काम है." हे आतून म्हणाले, आधी माल तपासायचा. झालं! जन्मभर कारखान्यात इन्स्पेक्टर. ओतीव माल आला की हातोडीने ठोकायचा, कान लावायचा आणि नापास करायचा. घरी येऊन वरणाला नापास, माझ्या माहेरच्यांना नापास. आता लाकडाची पाळी.

नात फोनवर म्हणते, "आजी, त्याला डेक म्हणतात." म्हटलं, म्हण बाई. तुमच्या मिसरोदच्या फ्लॅटात चौथ्या मजल्यावर काय म्हणायचं ते म्हणा. आमच्याकडे ओटाच.

२ मे

अंगणात तुकडे मांडून ठेवलेत. साग, साल वृक्षाचं लाकूड, बांबू, मशिनीच्या पेट्या येतात त्यांच्या चिडाची, म्हणजे पाइनची, फळी, लोखंडी पत्रा, आणि दुकानातला तो प्लास्टिकमिश्रित फट्टा — दिसतो लाकूड, वाजतो डबा. ऊन, पाऊस, थंडी सगळं लागू द्यायचं, मग ठरवायचं. म्हटलं, तोवर तुम्ही?

"इथलं ऊन लाकडाला फाडतं अन् पाऊस कुजवतो. एकदा बांधलं की टिकलं पाहिजे."

कोणासाठी टिकलं पाहिजे, ते विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

१९ मे

पत्र्यावर माझा अनवाणी पाय पडला. फोड आला. पत्रा बाद.

२८ मे

लू अशी की भांडी हातात धरवत नाहीत. चीड वाकून पन्हाळीसारखं झालं. प्लास्टिकचा फट्टा दोन विटांवर ठेवला होता, मधून खाली लोंबला. शेजारची मंदाकिनी कुंपणावरून हसते, "वहिनी, लाकडाची वखार काढली का?" म्हणते, हे सगळं सोडा, आमच्यासारख्या नुसत्या फरश्या अंथरा. तिच्या फरश्या जा बघ म्हणावं! उन्हाने काळी माती फाटली, भेगेत माझी चप्पल गेली.

४ जुलै

माती फुगली. मंदाकिनीच्या फरश्या दाराशी उभ्या राहिल्या, जशा काही वर्गणी मागायला आल्या. ती आज कुंपणाशी आली नाही.

११ ऑगस्ट

चिडाला खालून दीमक लागली, वाळवीने पोखरलं. बांबूतून पीठ गळतं. खोलीत वास येतो, तो लाकडाचा नाही. ह्यांच्या पाठीला जखम झाली. दर थोड्या वेळाने कुशीवर करावं लागतं. मी करते, थालीपीठ उलटावं तसं. हे भिंतीकडे बघतात. मीही भिंतीकडे बघते. दोघं मिळून भिंत पाठ करतो.

३० सप्टेंबर

कारखान्यातले, ह्यांच्याच शॉपचे अच्युतराव भेटायला आले. हे झोपलेले. बिचारे चहा पिऊन, उशाशी बसून गेले. फाटक वाजलं न् ह्यांनी डोळे उघडले. "पाणी दे." झोपेतून उठलेला माणूस असा टक्क बघत नाही. काहून असं केलं, विचारलं नाही. मी घाईत होते.

२० ऑक्टोबर

सालाच्या लाकडाला हातभर चीर गेली. म्हणजे साग तेवढा उरला. सरळ, घट्ट, रंग उतरला एवढंच. म्हटलं, सांगू नफीसला? तर म्हणे, "थंडी बाकी आहे."

थंडी बाकी आहे! डॉक्टरही तेच म्हणाला होता.

३ डिसेंबर

खोकला. रात्रभर छातीत घुंगरं वाजल्यासारखं. भालचंद्र आला, स्वैपाकघरात माझ्याकडे पाठ करून रडला. म्हटलं, रडून झालं की हात धू, कणीक भिजवायची आहे. त्याने भिजवली. पातळ झाली.

मला वाटतं आता ओटा व्हायचा नाही. झाला तरी ह्यांना न्यायचं ते दुसऱ्या कामाला, आणि तेव्हा चौघं उचलतील आणि हे काही बोलू शकणार नाहीत.

२२ डिसेंबर

खोकला उतरला. माणूस अर्धा उतरला. अजून आहेत.

९ जानेवारी

धुकं. सागाचा तुकडा आत नेऊन मांडीवर दिला. ठोकला, कान लावला. "गाठ आहे."

नफीस दुसरा घेऊन आला. "भेग आहे." तिसरा आणला. "ओला आहे." नफीस बाहेर येऊन बिडी पेटवत म्हणाला, "अम्मा, बाबूजी लकड़ी देख रहे हैं कि दामाद?" हसू आलं. तो गेल्यावर पहिला तुकडा उजेडात धरून बघितला. गाठ मला तर दिसली नाही. म्हटलं, माझे डोळे.

१६ जानेवारी

आज मी लबाडी केली. तोच पहिला तुकडा. विटेने घासला, गोडं तेल लावलं, पुसला. म्हटलं, अयोध्या नगरच्या दुकानातून नवा आणवला. ह्यांनी ठोकला. कान लावला. बराच वेळ.

"पोकळ आहे."

गाठ होती ना त्यात? आता पोकळ झाला? ज्या माणसाला ठोकून लोखंडाच्या पोटातलं कळायचं, त्याला आपलाच तुकडा ओळखू येत नाही, हे मी मानायचं नाही. ओळखला. ओळखून नापास केला.

लाकडात काही खोट नाही. ह्यांना बाहेर यायचं नाही.

१७ जानेवारी

विचारलं. आडून नाही, सरळ. "बाहेर यायचं नाही ना तुम्हाला?"

मी टॉवेलने त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली. त्यांनी चांगल्या हाताने टॉवेल ढकलला. मग म्हणाले, "भोंगा झाला की सगळी शॉप ह्याच रस्त्याने जाते."

एवढंच.

हो, जाते. रोज जाते. ह्यांना बघून सायकलवरून उतरणारे लोक होते त्यात. मला काही बोलता आलं नाही. मला! भाजीवाल्याला रडवणारी मी. वर्षभर ऊन, पाऊस, थंडी सगळं लाकडाच्या माथी मारलं ह्या माणसाने, आणि मी टोमणे मारत बसले. आता कळलं, तर कळून काय करू? लाज कुठल्या दुकानात बदलून मिळते?

२ फेब्रुवारी

पाठीची जखम पुन्हा उघडली. नफीसला बोलावलं. म्हटलं, पेट्यांच्या फळ्या आण, त्याच चिडाच्या, आणि उद्या ठोकून टाक.

"अम्मा, ये तो बारिश में सड़ जाएगी."

सडू दे.

भालचंद्र फोनवर ओरडला, "आई, एवढं थांबलो, तर साग तरी घाल! मी आणतो."

"पावसापर्यंत टिकलं की पुरे. पुढच्या पावसाचं कोणी सांगितलंय?"

त्याने फोन ठेवला. हेही आतून ऐकत होते. नापास म्हणायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

४ फेब्रुवारी

ओटा झाला. करकरतो. उंबऱ्याला मात्र बरोबर लागला. कठडाही आहे. मंदाकिनी येऊन नाचून गेली, तुटला नाही. अंगणातले लाकडाचे तुकडे चुलाण्यात घालून पाणी तापवलं.

हे बाहेर यायला तयार नाहीत. मी त्यांची खुर्ची दारापर्यंत आणून ठेवली आणि स्वतः ओट्यावर मटार सोलत बसले. भोंगा झाला. "मागे ओढ," म्हणाले. म्हटलं, हात मोकळे नाहीत. हे दाराआड मान वळवून बसले. लोक गेले. कोणी बघितलंही नसेल. कोणी बघितलंही असेल.

७ फेब्रुवारी

तसंच. हे आत, मी बाहेर. मटाराचा कंटाळा आला. भालचंद्रला सांगितलं, ह्याचा उपयोग नाही. काढून टाकू, लाकूड तरी जळेल.

११ फेब्रुवारी

भोंगा वाजला. सायकली, स्कूटर सगळं सुटलं. मी ओट्यावर, दाराच्या तोंडाशीच बसले होते. मागून खुर्चीचं चाक उंबऱ्याला लागलं.

"सरक."