गजाला लावलेला साबण

गुरुवार, ११ मार्च १९२६

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. जावईबापूंचा खोकला गेला, बरं झालं. इकडे आम्ही खुशाल. मांजरीला तीन पिल्लं झाली. थिएटरच्या पियानोच्या दोन पट्ट्या बसल्यात, तर मालक म्हणतात, "बाई, त्या दोन सोडून वाजवा." घ्या! उद्या म्हणतील, दोन बोटं सोडून वाजवा.

बाबांचं विचारलंस. बरे आहेत. जेवतात, फिरतात.

ठकू, या ओळीवर अर्धा तास अडलेय. सांगूनच टाकते. बाबांनी व्हायोलिन सोडलं, आणि ते माझ्यामुळे.

आमचं काम तुला ठाऊकच आहे. मुका चित्रपट, पडद्याखाली आम्ही दोघं. वर जे घडेल ते बघून बाबांनी चाल धरायची, मी पियानोवर मागोमाग. चौदा वर्षं असंच चाललं. थंडी पडल्यापासून मात्र ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग वाण्याचं नाव, एकदा तर घरचा रस्ता. मी म्हटलं, वय झालं, चालायचंच. पण गेल्या महिन्यात पडद्यावर एक आई मरायला टेकली होती, पोरं उशाशी रडत होती, आणि बाबांनी धरली लग्नातल्या नाचाची चाल! मी पायाने ढोसलं, तर माझ्याकडे बघून हसले आणि आणखी जोरात वाजवायला लागले. लोक पोट धरधरून हसले. बाबांना वाटलं, खूश झाले. उठून नमस्कार केला गं त्यांनी.

मग रोज तीच चाल. मारामारी असो की आग लागो. शेवटी मालकांनी मला बाजूला घेतलं. "बाई, लोक चित्रपट बघायला येतात की यांना हसायला? रविवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरा माणूस आणतो."

त्यांचं चुकलं असं नाही. पण व्हायोलिन काढून घेतलं तर या माणसाजवळ राहील काय? माझं नाव कधीकधी अडतं त्यांना, पण व्हायोलिन खांद्याला लावलं की पूर्वीचे होतात.

म्हणून मी शहाणपणा केला. व्हायोलिनच्या गजाच्या केसांवरची राळ पुसली आणि साबण चोळला. साबण लागला की गज तारांवरून नुसता घसरतो, आवाज म्हणून निघत नाही. म्हटलं, बसतील खुर्चीत, चालवतील गज, मी पियानो बडवेन. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. त्यांना काय कळतंय!

शनिवारी दुपारच्या खेळाला त्यांनी पाचेक मिनिटं वाजवलं आणि थांबले. कान अगदी तारांशी नेऊन पुन्हा गज फिरवला. मग व्हायोलिन मांडीवर ठेवलं, ते खेळ संपेपर्यंत उचललं नाही.

घरी येताना म्हणाले, "तुझा पियानो ऐकू येत होता. खुर्च्या करकरत होत्या, तेही. माझं वाजवणं तेवढं ऐकू आलं नाही. माझे कान गेले गं."

काय सांगू? साबणाचं सांगायचं तर लोक का हसत होते, तेही सांगावं लागतं. "वय झालं," एवढंच म्हटलं. मेलीला दुसरं काही सुचलं नाही.

रविवारी सकाळी ते स्वतःच मालकांना सांगून आले, "बहिरा माणूस कसला वाजवणार!" मालकांनी चहा पाजला म्हणे, दारापर्यंत पोचवायला आले.

मी गज धुतला, वाळवला, राळ लावून व्हायोलिन त्यांच्यापुढे ठेवलं. "एकदा वाजवून तर बघा." हात लावत नाहीत. "कशाला जखमेवर मीठ चोळतेस?" म्हणतात. रोज सकाळी मी आशेने बघते, आज तरी विसरले असतील. चहा प्यायलेला विसरतात, दार लावायचं विसरतात. हे तेवढं विसरत नाहीत.

पुढच्या महिन्यात येतेस तर ये. काही करायला ये असं नाही, करण्यासारखं काही उरलेलं नाही. फक्त बाबांशी ओरडून बोल. हळू बोललेलं सगळं त्यांना ऐकू येतं, पण मग 'माझे कान गेले होते ना?' अशा नजरेने ते माझ्याकडे बघतात. म्हणून मीही आता घरात ओरडूनच बोलते.

तुझी,
हात टेकलेली आई