पालथा घातलेला दगड

बोरिवली
ता. ३ डिसेंबर १९५७

प्रिय अनंता,

तुझं पत्र पोचलं. शुभाचा खोकला थांबला हे बरं झालं. माझी प्रकृती ठणठणीत आहे. डोकं मात्र तापलं आहे, आणि ते का, हे तुला सविस्तर ऐकावं लागेल.

आमच्या नागरिक मंडळाची मी सुरुवातीपासून चिटणीस. स्टेशनाच्या रस्त्यावर दिवे आले ते मंडळामुळे, गावठाणातली विहीर उपसली तीही मंडळाने. या फेब्रुवारीत बोरिवली मुंबई महापालिकेत गेली, तेव्हा मीच ठराव आणला, की आता इमारती उठतील, तर गावातल्या जुन्या खुणा मंडळाने सांभाळाव्यात. एकमताने पास. टाळ्यासुद्धा वाजल्या. सांभाळायच्या खुणांत पहिला होता तळ्याकाठचा गद्धेगाळ.

तुला तो आठवत असणारच. दादा आपल्याला तिथे घेऊन गेले होते. मी दहा वर्षांची, तू सात. दगडावर वर चंद्रसूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी, खाली गाढव आणि बाई. तू माझ्यामागे लपून खिदळत होतास. दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी मुलांना ओढत पुढे नेलं असतं. दादा तिथेच मांडी घालून बसले. राजाने गावाला जमीन दान दिली; जो ती बळकावील त्याच्या आईला ही शिवी; वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्र कोरलं. यात हसण्यासारखं काय आहे, असं त्यांनी तुला विचारलं. मी पुढे कॉलेजात संस्कृत घेतलं ते त्या दुपारमुळे.

आता मंडळाचं सभागृह नेमकं तळ्याकाठी व्हायचं आहे, आणि आमच्या सभ्य मंडळींना एकाएकी दगडाची लाज वाटू लागली. अध्यक्ष मार्तंडराव म्हणाले, "उत्तराबाई, इथे लेकीसुना येणार. दारातच हे?" मी म्हटलं, लेकीसुना याहून वाईट शिव्या घरात ऐकतात, तेव्हा तुम्ही कुठे असता? तर नंदकुमार वकील म्हणतो, "बाई, तुम्ही अशा विषयावर बोलता ना, आम्हाला अवघड होतं." अवघड याला होतं, आणि शिवी बाईच्या नावाने! लाज वाटायचीच तर मुलाच्या चोरीची शिक्षा आईला देणाऱ्याची वाटावी. दगड पुरून शिवी पुसली जात नाही. ती कुणी दिली आणि का दिली, एवढंच पुसलं जातं.

शनिवारी दगड जागेवर नव्हता. गावठाणात राहणारी मालवणकडची जानकी दर अवसेला त्याला शेंदूर लावते. ती दारात आली, "बाय, आमचो देव खंय गेलो?" मी तिला घेऊन तळ्याकाठी गेले. सभागृहाच्या पायाचा खड्डा खणलेला, आणि त्यात कोपऱ्याला आपला दगड, पालथा. जतन करायचा ठराव ज्यांनी केला, त्यांनीच!

मार्तंडरावांना भर रस्त्यात गाठून फैलावर घेतलं. माणूस जराही चिडला नाही. म्हणाला, "आमच्यावर का डाफरता? इंजिनिअरसाहेबांनीच सुचवलं. दगड भक्कम आहे, पाया भरताना घालून टाका, वाद मिटेल, म्हणाले. तुमचेच बंधू, बाई." आणि निमंत्रणपत्रिका माझ्या हातावर ठेवली. रविवारी कोनशिला बसवायला प्रमुख पाहुणा तू. मला एका शब्दाने कळवलं नाहीस.

म्हणून हे पत्र. पुण्याहून येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, ये. हातात थापी देतील. चुना लावण्याआधी तो दगड वर काढायला लाव, उताणा कर, आणि दादांनी सांगितलं ते लेकीसुनांसमोर सांग. न खिदळता. मी आणि जानकी सकाळपासून खड्ड्यात त्याच दगडावर बसलेल्या असू. काम झालं तर घरी जेवायला ये, अळूवड्या करते. नाही झालं, तर पाहुण्यासारखा मंडळाचा चहा पी आणि परत जा.

अजूनही तुझीच,
ताई