घर धाकट्या भावाला, बिनशर्त

मी, वय वर्षे बहात्तर, धंदा पियानो जुळवण्याचा, डोके ठिकाणावर असताना (गुडघ्यांची हमी देत नाही), माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते स्वहस्ते लिहून ठेवते. कोणीही आग्रह केलेला नाही. आग्रह करायला घरात कोणी नाही.

कलम १. अवजारे. तारा पिळायची किल्ली, तारा दाबून धरायचा नमदा आणि चामडी पिशवी गावातल्या दोन्ही चर्चना, म्हणजे मोठ्या मंडळीला व नव्या मंडळीला मिळून, वाटणी न करता. त्या निमित्ताने तरी एकमेकांच्या दारात जावे लागेल.

पूर्वी मंडळी एकच होती. पाळक व्हायचे म्हणून मी धर्मशास्त्र पुरे केले. दीक्षेआधी समितीने विचारले, "घरी कोण असतं?" चष्म्याच्या दुकानातली ती माझ्याबरोबर राहत होती. मैत्रीण म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी म्हणाले, "माझी जोडीदार." दीक्षा तिथेच थांबली. उपदेशपीठावर चढायची बंदी झाली. पियानोच्या पोटात शिरायला मात्र मुभा होती.

कलम २. राहते घर माझ्या धाकट्या भावाला.

तो मोठ्या मंडळीचा पाळक आहे. महासभेत आमच्यासारख्यांना दीक्षा द्यावी की नाही यावर हात वर करायला सांगितले, तेव्हा विरोधात त्याचाही हात वर गेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, नाहीतर मंडळी फुटली असती गं."

मंडळी फुटायची ती फुटलीच. निम्मी माणसे निघून गेली आणि त्यांनी नवी मंडळी काढली. त्यानंतर तो दर शनिवारी माझ्या नळाची, कड्यांची डागडुजी करायला येई, पण ती घरी असेपर्यंत स्वयंपाकघराच्या पुढे आला नाही. तिच्या दफनाच्या दिवशी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर भर उन्हात उभा राहिला. हातातली छत्रीसुद्धा उघडली नाही. आत आला नाही, आणि निघूनही गेला नाही.

घराला अट नाही. अटी घालून दिलेले मला आयुष्यभर पुष्कळ मिळाले.

कलम ३. बँकेतली शिल्लक रुग्णालयातल्या आयाबाईंना. तिच्या शेवटच्या आठवड्यात दारावर सांगितले, "फक्त नातेवाईक." आयाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "अहो, सख्ख्या बहिणी आहेत, नाकं बघा की!" आमची नाके अजिबात जुळत नव्हती. त्या एका थापेमुळे तिचा हात माझ्या हातात राहिला.

कलम ४. नव्या मंडळीला अवजारांखेरीज काही नाही. राग नाही. त्यांच्या चिटणीसबाई म्हणायच्या, "तुम्ही आमचं प्रतीक आहात." प्रतीकाला कोणी जेवायला बोलावत नाही. ती गेल्यावर त्यांनी मला दीक्षा देऊ केली, फुलांसकट, छायाचित्रकारासकट. मी नको म्हणाले. पहिल्या बाकावर बसून माझ्या उपदेशातल्या चुका काढायला ती उरली नव्हती. चिटणीसबाईंना वाटले, मी रुसले.

कलम ५. मला तिच्याशेजारी पुरावे. जागा घेऊन ठेवली आहे. दोन्हीकडच्यांनी भाषणे करू नयेत. भावाला प्रार्थना करायची नसेल तर करू नये. बाबा रे, या खेपेस नुसता आत ये.

साक्षीदारांबद्दल खुलासा: ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले. ओळखीचे सगळे या नाहीतर त्या मंडळीतले. म्हणून आज विजेचे मीटर बघायला आलेल्याला आणि समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंना बसवून घेतले. चहा केला. किती दिवसांनी तीन कप काढले. सही करताना मीटरवाला म्हणाला, "बाई, तुमचं म्हणून जवळचं कोणीच नाही?"

मी म्हणाले, "होतं." त्याने टोपी काढली. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, "मग सांगा ना त्यांच्याविषयी. घाई कुणाला आहे?"

आजवर हे मला कोणी विचारले नव्हते. दोघे अजून बसले आहेत, म्हणून इथेच थांबते.

लिहून ठेवणार: सही
साक्षीदार: १. मीटर तपासनीस, सही. २. इस्त्रीवाल्या बाई, सही.
ठिकाण: राहत्या घरचे स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च, सोमवार