म्हणे मनाच्या बळावर सुटली

आबा, परवा तुमच्या केळीवाल्यांच्या सोसायटीच्या नव्या हॉलमध्ये तुमचा फोटो लागला. धाकट्या भावाचा फोन आला म्हणून मी यावलहून रावेरला गेले आणि बायकांच्या रांगेत बसून तुमची स्तुती ऐकली. रेल्वेत केळीच्या वॅगनी भरून घेण्यात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता असं एकजण म्हणाले. ते खरंच होतं, मी टाळ्या वाजवल्या. मग एक पुढारी उठले. आबांनी दारू सोडली ती मनाच्या बळावर, एका झटक्यात, गोळ्या नाहीत की इंजेक्शन नाही, तरुणांनी हा आदर्श घ्यावा, असं ते म्हणाले. सगळा हॉल माना डोलवत होता. भावाने हळूच माझ्याकडे पाहिलं, ही आता उठून बोलते की काय म्हणून. मी उठले नाही. चहा घेतला, पेढा घेतला, घरी आले आणि हे लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी मला मधेच थांबवायला तुम्ही नाहीत.

आपल्या घरात दारू हा शब्द कधी कुणी तोंडातून काढला नाही. तुम्ही फक्त 'थकलेले' असायचात. "आबा थकेल हाये, दार लोटून घ्या," असं आई म्हणायची आणि आम्ही पुस्तकं उचलून आतल्या खोलीत जायचो. डोंगरातल्या पाल गावाकडून कुणीतरी मोहाची आणून द्यायचं, ती मागच्या पडवीत फवारणीच्या पंपामागे ठेवलेली असायची. सकाळी उठलात की तुमचे हात असे थरथरायचे की कपातला चहा बशीत यायचा. मग तुम्ही पडवीत जाऊन यायचात आणि तेच हात वॅगनच्या दारावर खडूने मोत्यासारखे आकडे काढायचे. लहानपणी मला वाटायचं, पडवीत आबांचं औषध आहे. तसं पाहिलं तर होतंच.

माझी सोयरीक यावलला ठरली त्या उन्हाळ्यात तुम्ही वॅगनच्या फळीवरून पडलात. मांडीचं हाड मोडलं. जीपमध्ये गादी टाकून तुम्हाला जळगावला हाडांच्या दवाखान्यात नेलं, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून गाव बघायला आलं. आपल्याकडे आजारी माणसाला एकटं सोडणं म्हणजे त्याला आधीच मेलेला धरणं. खाटेभोवती उभं राहायला जागा नव्हती. त्या गर्दीत यावलची माणसंही होती, माझ्या होणाऱ्या सासूबाई आणि त्यांचे भाऊ. नेमकं त्याच वेळी डॉक्टरांनी विचारलं, "काही सवय आहे का यांना? दारू वगैरे?" काका लगबगीने पुढे झाले. "नही हो डाक्टरसाहेब. आमच्या भावाले सुपारीच्या खांडाचं बी व्यसन नही." आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान हलवली. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, पण तुमच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी पाहिलं. पाय मोडला तरी चालेल, सोयऱ्यांपुढे मान वर राहिली.

मग तुम्ही मुंग्या वेचायला लागलात. अजून ते माझ्या डोळ्यांपुढे चालूच आहे. पांढरी स्वच्छ चादर आहे, तिच्यावर एक मुंगी नाही, आणि तुम्ही चिमटीने एकेक उचलून खाटेखाली टाकताय. घामाने उशी भिजली आहे. "वॅगन सुटली, वॅगन सुटली, घड पानांनी झाका," असं ओरडताय आणि पायाला लावलेलं वजन ओढून काढायला बघताय. तुम्हाला धरायला मोठी माणसं कमी पडतायत. काका म्हणतात, "बाहेरचं लागलं. पडला त्या जागी काही आसीन." ते गावाहून भगत घेऊन येतात, तो लिंबू उतरवतो आणि खाटेच्या पायाला काळा दोरा बांधतो. नर्स रागाने बघत राहते. डॉक्टर ताप बघतात, रक्त तपासायला पाठवतात, त्यांना काही उमगत नाही. कसं उमगणार? त्यांना सुपारीचं खांडही न खाणारा माणूस दिलेला.

दुपारी तुम्हाला झटका आला. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली. डॉक्टर धावत आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आता शेवटचं विचारतो. हा माणूस पितो का?" यावलची मंडळी डबा घेऊन पुन्हा आली होती. काकांनी पुन्हा तेच सुरू केलं, "नही हो साहेब..." मी म्हणाले, "रोज पितात. सकाळी उठल्यापासून. मोहाची." आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढे कितीतरी दिवस तिथे निळं होतं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आधी सांगायला काय झालं होतं?" एवढंच बोलले आणि इंजेक्शन भरायला वळले. काका मला दाराशी घेऊन गेले. म्हणाले, "बापाचं वाटोळं केलं तू." आत बापाचा श्वास हळूहळू सरळ होत होता.

तिथून तुम्हाला धुळ्याला हलवलं, तिकडच्या दवाखान्यात या आजाराचे डॉक्टर होते. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता मी सलाइनची बाटली वर धरून बसले होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. इतकी वर्षं रोज पिणाऱ्या शरीराची दारू एकदम तोडली की ते पिसाळतं, त्यात माणूस जाऊसुद्धा शकतो. म्हणून त्याला दवाखान्यात नजरेखाली ठेवायचं, दारूच्या जागी औषध द्यायचं, नाडी बघत बघत ते औषध कमी करत न्यायचं. अब्रूचं ओझं नसलेलं इतकं साधं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाहेर येऊन रडले, तर वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "रडू नको बेटा, बठ्ठं बरं व्हई जाई." आणि सगळं झालंच बरं. एका सकाळी तुम्ही मला ओळखलंत. माझ्या हातात तुमच्यासाठी पेजेची वाटी होती. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि काकांना म्हणालात, "तिले सांग, घरी जाय."

सोयरीक मोडली नाही आबा. सासूबाई मला नंतर म्हणाल्या, खरं बोलणारी सून कुणाला नको? लग्न झालं, तुम्ही मांडवात खुर्चीवर बसलात आणि कन्यादान काका-काकूंनी केलं. पायामुळे, असं लोकांना वाटलं. तुम्ही पुन्हा थेंबाला शिवला नाहीत, ते श्रेय तुमचं आहे आणि मी माझ्या मुलांना ते अभिमानाने सांगत आले. पण अखाजीच्या सणाला माहेरी आले की मी समोर उभी असताना तुम्ही आईला म्हणायचात, "तिले इचार, च्या घेती का." वर्षानुवर्षं मी तुमच्याशी आईच्या तोंडून बोलले. आणि चार माणसांत तुमचं एकच पालुपद, मन घट्ट केलं आन् सोडली. धुळ्याला म्हणे पायासाठी गेला होतात.

तुमच्याकडे केळी कापणाऱ्या टोळीचा एक मुकादम तुम्हाला देव मानायचा. त्यालाही सोडायची होती. कशी सोडली, असं त्याने तुम्हालाच विचारलं, दुसऱ्या कुणाला विचारणार? तुम्ही त्याला मनाचं बळ सांगितलंत. त्याने घरात स्वतःला कोंडून घेतलं, बायकोला बाहेरून कडी लावायला लावली आणि काही झालं तरी उघडू नको म्हणून शपथ घातली. तिने शपथ पाळली. तो गेल्यावर मी दारावर भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "भिंतीवरच्या मुंग्या येचत व्हते माय, अन् मुंग्या तं नव्हत्याच." पुढचं तिने सांगायची गरज नव्हती.

तिथून मी तडक आपल्या ओट्यावर आले. तुम्ही पाय लांब करून बसला होतात. मी विचारलं, "आबा, मुकादमाला धुळ्याचं सांगितलं होतं का?" तुम्ही सरळ माझ्याकडे बघून म्हणालात, "तू सांगाचं व्हतं. तुले तं सवयच हाये."

मी परत यावलच्या गाडीत बसले. तेव्हापासून मी सवयीप्रमाणे सांगत असते. परवाही हॉलमधून निघताना ज्या बाईचा नवरा भाषण ऐकून हेलावला होता तिला बाजूला घेऊन म्हणाले, सोडू द्या, पण घरात कोंडू नका, दवाखान्यात न्या. तुमच्या फोटोखाली उभी राहून म्हणाले.

हे पत्र भावाला दाखवणार नाही, कुणालाच नाही. तुमची अब्रू जाईल म्हणून नाही, ती माझ्या हातून एकदा गेलीच आहे. त्या दिवशी तुमच्या ओट्यावरून परतताना गाडीत माझ्या मनात काय होतं ते कुणाला कळायला नको म्हणून. एका घरातला कर्ता माणूस तुमच्या फुशारकीने गेला होता, त्याच्या बायकोचे हात मी नुकतेच हातात धरून आले होते, आणि खिडकीशी बसून मी तुमचं ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होते. आबा माझ्याशी बोलले, या आनंदात.