उलटा दिवस

प्रिय शिट्टीबाई,

तुझ्या ताईचा फोन आला होता. पुढच्या आठवड्यात तुला हॉस्पिटलमधून सोडणार हे ऐकलं आणि मी हातातला पाना खाली ठेवून गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसलो. मग ती पुढे म्हणाली की तू आपल्याकडे येणार नाहीस, तिच्याकडे जायचं म्हणते आहेस. थोडे दिवस की कायमचं, ते तिलाही सांगता येईना. तुझं म्हणणं असं, की पोरं आता रुळली आहेत, हसताहेत, खेळताहेत, त्यांच्या डोक्यावर परत तुझं मळभ कशाला. मी ताईशी वाद घातला नाही. तुझ्याशीही घालणार नाही, तुझ्यापुढे माझं कधी काही चाललंय? फोनवर आपलं दोघांचं रडण्यापलीकडे काही होत नाही, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पत्र लिहा. तर पोरं किती हसली-खेळली तेच लिहितो. वाच, आणि मग ठरव.

उन्हाळा म्हणजे माझा हंगाम. अख्ख्या गावाचे फ्रीज ठरवून एकाच वेळी मान टाकतात. तुझ्या शाळेला सुट्टी म्हणजे पोरांनाही सुट्टी, आणि शेजारच्या मावशी दुपारपर्यंतच सांभाळू शकतात. त्यामुळे दुपारनंतरच्या कामांना दोघंही माझ्याबरोबर येतात. आपली थोरली वकीलबाई बॅटरी धरते, धाकटा भोंगा स्क्रूचा डबा सांभाळतो, म्हणजे सांडतो आणि गोळा करतो. गॅस कुठून गळतोय ते पाहायला मी नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावतो ना, ते त्यांचं सगळ्यात आवडतं काम. फुगा आला की भोंगा असा काही ओरडतो की घरमालकाला वाटावं, फ्रीजचा स्फोट झाला. परवा एका आजोबांनी विचारलं, काय बिघडलंय? माझ्या आधी आपली लेक कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "थांबा आजोबा. बाबा आधी हं हं करतात, मग डोकं खाजवतात, मग सांगतात." आणि हं हं करून दाखवलंन. हुबेहूब मी! आजोबा हसता हसता खोकायला लागले. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ही पोरगी काही विसरत नाही.

कुणाच्या तरी नव्या फ्रीजचं खोकं मी मागून आणलं, ते सध्या आपल्या बैठकीच्या खोलीत घर म्हणून उभं आहे. त्याला दार कापलं, दोन खिडक्या कापल्या. भोंगा जेवतो आत, झोपतो आत, आणि पोळीचे तुकडे गाद्यांखाली लपवतो तेही आतच. त्यामुळे मुंग्यांनीही आता तिथे बिऱ्हाड केलं आहे. एक खिडकी त्याची आणि दुसरी तुझी. तिथे कुणी बसायचं नाही, असा कायदा वकीलबाईने केला आहे. मी एकदा चुकून टेकलो तर दोघांनी मिळून मला पाय धरून बाहेर ओढलं. हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली. मी जमिनीवर तसाच पडून राहिलो, कारण तिथून आपल्या खोलीचं दार दिसतं आणि दारातून पलंगाची तुझी बाजू दिसते. तिकडे मी झोपत नाही. अंगाला अंग चिकटावं इतकं उकडतं, पोरं मधे आडवीतिडवी येतात, तरी भिंतीकडची ती एक पट्टी रिकामी ठेवतो.

तू त्या पट्टीवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागलीस तेव्हा शाळेचे खेळांचे सामने चालू होते. मैदानावरून यायचीस, गळ्यातली शिट्टी खिळ्याला अडकवायचीस आणि आडवी व्हायचीस. मग मैदानावर जाणंही बंद झालं. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, काही म्हणजे काहीच झालं नव्हतं, आणि तेच तुला सगळ्यात जास्त खात होतं. "कारण तरी असू दे ना रे," असं म्हणाली होतीस. तुझं कुठून गळतंय ते फेस लावून शोधता आलं असतं तर मी बादलीभर फेस केला असता गं.

आता ऐक गंमत. तू हॉस्पिटलमध्ये गेलीस त्यानंतर मी चादरी धुवायला काढल्या. सगळं धुतलं, वाळत घातलं, आणि घड्या घालताना पाहतो तर तुझ्या उशीचा अभ्रा नाही. निळ्या रेघांचा. वाऱ्याने उडाला असेल म्हणून गच्चीवर शोधला, खालच्यांच्या बाल्कनीत डोकावलो, त्या बाईंचा तर समज झाला असणार की हा माणूस कपडे चोरायला आलाय. पोरांना विचारलं. भोंग्याने आकाशाकडे बोट दाखवलं. वकीलबाईच्या तोंडाला कुलूप. मी नाद सोडला.

पुढे बऱ्याच दिवसांनी आपल्याच फ्रीजने मान टाकली. तू नेहमी म्हणायचीस तसं, गावाचे फ्रीज गार आणि मिस्त्रीच्या घरी दूध नासलेलं. बर्फाच्या कप्प्यातून पाणी ठिबकत होतं, म्हणून तो रिकामा करायला घेतला. अगदी मागे तुझा डबा, झाकणावर चिकटपट्टी गुंडाळलेली. बाहेरूनच आत तो अभ्रा दिसला, नीट घडी घातलेला. तेवढ्यात वकीलबाई धावत आली आणि माझ्या हाताला अक्षरशः लोंबकळली. उघडू नका, उघडू नका म्हणून बोंबाबोंब. मग शांत झाल्यावर तिने सांगितलं. मी गिऱ्हाइकांना एक गोष्ट नेहमी सांगतो, गार ठेवलं की खराब होत नाही. अभ्र्याला तुझा वास होता. मी तो धुवायला निघालो होतो. म्हणून तिने तो टिकायला ठेवला.

मला हसू आलं, आणि मग काय झालं ते तुला माहीत आहे, मी काही फार खंबीर गडी नाही. त्या दिवशी सगळी कामं रद्द केली, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि आधी आपला फ्रीज दुरुस्त केला. तो होईपर्यंत ती डबा छातीशी धरून, ओल्या फडक्यात गुंडाळून बसली होती. फडक्याचं पाणी तिच्या फ्रॉकवरून गळत होतं, पण डबा तिने माझ्याकडे दिला नाही.

आणि आता उलट्या दिवसाचं. सुट्टीत एकदा तू सकाळी शिट्टी फुंकायचीस आणि त्या दिवशी पोरं मोठी, आपण लहान. यंदा तो होणार नाही असं मी धरून चाललो होतो. काल सकाळी डोळे उघडले तर भोंगा माझे बूट घालून समोर उभा आणि फर्मान सुटलं, "तू बाळ. दात घास." भोंगा झाला बाबा. त्याने काय केलं असेल? तो घरभर शीळ घालत फिरला. त्याला शीळ येत नाही, नुसती थुंकी उडते, पण थांबेचना. स्वयंपाकघरात शीळ, मोरीत शीळ, आपल्या खोलीच्या दाराशी आल्यावर जरा जास्तच जोरात शीळ. मी बाळ होऊन पाहत राहिलो. इतके दिवस मी तसाच शीळ घालत फिरत होतो तर.

वकीलबाई आई झाली. तिने फ्रीज उघडला, डबा काढला, अभ्रा उशीला घातला आणि पलंगावर तुझ्या जागी भिंतीकडे तोंड करून पडली. गुडघे पोटाशी. हात उशीखाली. हुबेहूब. मी हाक मारली तर तुझ्याच आवाजात म्हणाली, "थोडं पडू दे रे मला." भोंग्याने शीळ बंद केली, पाण्याचा पेला आणून तिच्या उशाशी ठेवला आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसवलं. आम्ही दोघं दाराशी बसून राहिलो. पंखा फिरत होता. हा खेळ थांबवावा असं मला दहादा वाटलं, पण त्या दिवशी मी बाळ होतो, माझं कोण ऐकणार?

मग ती उठली. सहज, कुणी न सांगता. पाणी प्यायली, केस मागे घेतले, खिळ्यावरची शिट्टी गळ्यात घातली आणि अशी फुंकली की खालच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. "चला, रांगेत उभे राहा!" आम्ही राहिलो. बैठका काढल्या, खोक्याभोवती पळालो. रात्री तिला निजवताना मी विचारलं, खेळात आई उठली कशी गं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की हा माणूस फ्रीज तरी कसे दुरुस्त करतो. म्हणाली, "उठतेच ना ती. नाहीतर खेळ पुढे कसा जाणार?"

तर ही आपली रुळलेली पोरं. त्यांच्यापासून लपवण्यासारखं तुझ्याजवळ काही उरलेलं नाही, त्यांना सगळं पाठ आहे. तुला पडायचं असेल तर इथे पड, भिंत तीच आहे. शीळ मी बंद करीन. बरी होऊन ये असंही म्हणत नाही, जशी असशील तशी ये. हे सगळं मी कदाचित ताईच्या हाती निरोप म्हणूनही धाडलं असतं, पण एक गोष्ट तुलाच सांगायची होती. काल खेळ संपल्यावर वकीलबाईने अभ्रा परत घडी करून डब्यात घातला आणि घालण्याआधी माझ्या नाकाशी धरला. "आहे ना अजून?" असं तिने विचारलं. मी खोल श्वास घेतला. नुसता बर्फाचा वास येत होता गं. मी तिला आहे म्हणालो, आणि तिने झाकणावर चिकटपट्टी लावली.

तुझाच,
मिस्त्री