कण्याजवळची दोन वीत

मार्टिन्स कोव्ह, नोव्हा स्कोशिया
मंगळवार, ९ जून १९९२

चि. नडीन हिला बाबाचे आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. लॉब्स्टरचा हंगाम संपला, मांजराला तीन पिल्लं झाली. तुझ्या आईने लावलेल्या रुबार्बला यंदा एवढे देठ आलेत की वाटून वाटून मी दमलो. आता शेजारी मला येताना बघून दार लावून घेतात.

मागच्या आठवड्यात मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा हवापाण्याचं बोललो आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र. मासळीचा ट्रक उद्या तुझ्याकडे केप ब्रेटनला निघतोय, त्याच्याबरोबर पाठवतोय, म्हणजे गुरुवारी तुझ्या हातात पडेल. शनिवारी तू बोट पाण्यात घालणार आणि एकटी न्यूफाउंडलंडला निघणार ना?

बोटीबद्दलच लिहायचंय. ऑक्टोबरात तू ती दुरुस्तीला माझ्या शेडमध्ये पाठवलीस, तेव्हा चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. आईच्या अंत्यविधीला मी तुला जे बोललो त्यानंतर तू बोलणंच टाकलं होतंस, आणि चूक माझीच होती. चिठ्ठीत एकच ओळ होती. ‘बाबा, तळाला फोड आलेत, तुमच्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही.’ ती ओळ मी शेडमध्ये बर्टनला काम थांबवून तीनदा वाचून दाखवली. शेवटी तो कंटाळून बाहेर गेला.

वीस वर्षांचे रंग होते तळाला. निळा, लाल, खाली कुठला तरी भयाण हिरवा. सगळे खरवडले. फोड फुटला की आंबट वासाचं पाणी तोंडावर उडायचं. मग फायबरवरचा कडक थर विजेच्या रंध्याने सोलायला घेतला. हे काम दोघांचं असतं. एकाने रंधा मारायचा, दुसऱ्याने मागून हातोडीने ठोकत, कुठे पोकळ वाजतंय ते ऐकत यायचं. रंधा मारणाऱ्याने स्वतःचं काम तपासायचं नाही, हा आमच्या शेडचा दंडक. मीच घातलेला.

बर्टनला मी घरी पाठवलं. त्याच सकाळी तो मला म्हणाला होता, “काय रे एव्हरेट, चहा पितोयस की चहाला झोका देतोयस?” तो हसला, मीही हसलो. पण मागे उभा राहून त्याने माझे हात बघावेत हे मला नको होतं. ‘पोरीची बोट आहे, मी एकटाच करणार,’ असं सांगितलं.

माझे हात थरथरतात, नडीन. दोन वर्षं झाली. हे अक्षर बघून तुला कळलंच असेल.

बोटीच्या उजव्या अंगाला, तळाच्या कण्याला लागूनच, रंधा माझ्या हातून उसळला आणि आत गेला. दोन वीत लांब, आणि तळाची निम्मी जाडी गेली. फायबरचे नवे थर बसवायला हवे होते. पण ते बर्टनशिवाय होत नाही, आणि त्याला बोलावलं की सगळं कळणार. मी तिथे पुट्टी भरली, घासली, वरून इपॉक्सीचा लेप आणि रंग दिला. इतकं सफाईदार झालं की मलाच अभिमान वाटला. मे महिन्यात तू बोट न्यायला आलीस, तळावरून हात फिरवलास आणि मला मिठी मारलीस. तेव्हाच सांगायचं होतं. मी ट्रकवरचे दोर आवळत बसलो.

आता मला भीती वाटते. वारा जरा फिरला की उठून खिडकीशी जातो. बादली भरतानाचा आवाजही सहन होत नाही. लाटेवरून बोट आपटली की सगळा भार त्या कण्याजवळच येतो, आणि तिथे माझी पुट्टी आहे.

आज बर्टनला सगळं सांगितलं. तोंडाला येईल ते बोलला, मग म्हणाला, “गाढवा, पोरगी रुसली तर मनवता येते. बुडाली तर काय करशील?”

शुक्रवारी आम्ही दोघं येतोय. रंधा बर्टन मारेल. तू हो म्हणालीस तर मी मागे हातोडी घेऊन उभा राहीन. नको असेन तर ट्रकमध्ये बसून राहीन. पण तोवर बोट पाण्यात घालू नकोस. तुझ्या बोटयार्डातल्यांना हे पत्र वाचून दाखव, मला त्याची लाज वाटणार नाही.

पुन्हा चार वर्षं माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. फक्त ती चारही वर्षं तू असायला हवीस.

तुझा घाबरलेला बाप,
एव्हरेट